विहिरीचे पाणी आणि रब्बीचे क्षेत्र : आलेखाने मेळ कसा घालावा

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील पारनेर, नगर यांसारख्या अवर्षणप्रवण तालुक्यांत रब्बीचे क्षेत्र जमिनीवर नव्हे, तर विहिरीवर ठरते. नगर तालुक्यातील हिवरे बाजार येथे पावसाळ्यानंतर उपलब्ध पाण्याचा ताळेबंद मांडतात. माणसे व जनावरे यांच्या पिण्याचे पाणी प्रथम बाजूला काढून उरलेल्यावर ग्रामसभा पिके ठरविते. एका शेतकऱ्याला आपल्या विहिरीपुरता असा हिशेब चौकटीच्या कागदावर करता येतो.

समजा, एका शेतकऱ्याजवळ ओलिताची 6 एकर जमीन आहे. तीत त्यास गहू व हरभरा घ्यावयाचा आहे. एका एकरास एकदा दिलेले पाणी म्हणजे एक एकर-पाळी असे आपण म्हणू. गव्हास 6 व हरभऱ्यास 2 पाळ्या धरू. पाण्याची पातळी व उपशाचा अनुभव पाहता, हंगामात 24 एकर-पाळ्या मिळतील असा अंदाज आहे. गव्हाचे एकर क्ष व हरभऱ्याचे य मानल्यास दोन समीकरणे मिळतात :

क्ष + य = 6 (जमीन)
6क्ष + 2य = 24 (पाणी)

आडव्या अक्षावर गहू व उभ्या अक्षावर हरभरा घ्यावा. एक घर म्हणजे एक एकर. आलेखाचा कागद नसल्यास मुलांच्या गणिताच्या वहीचे पान चालते; मात्र उभी बारा घरे मोकळी असावीत. सर्व जमीन गव्हाखाली धरल्यास 6, सर्व हरभऱ्याखाली धरल्यासही 6. हे दोन बिंदू पट्टीने जोडले की जमिनीची रेषा झाली. सर्व पाणी गव्हास दिल्यास 4 एकर भिजतात, हरभऱ्यास दिल्यास 12. हे जोडले की पाण्याची रेषा झाली. दोन्ही रेषा गहू 3 व हरभरा 3 एकर या बिंदूत छेदतात. पडताळा : 18 व 6 मिळून 24.

लोभाने गहू 4 व हरभरा 2 एकर पेरला, तर तो बिंदू जमिनीच्या रेषेवर असतो, पण पाण्याच्या रेषेपलीकडे जातो. गरज 28 पाळ्यांची होते. कमी पडलेल्या 4 पाळ्या म्हणजे चारही एकर गव्हाचे शेवटचे पाणी होय. ते दाणा भरण्याच्या वेळीच चुकते. उलट, गहू 2 व हरभरा 4 एकर केल्यास 4 पाळ्या शिल्लक राहतात. चाऱ्याची अडचण असणाऱ्याने ही निवड कमी मानू नये.

पाण्याचा अंदाज 18 पाळ्यांवर आला, तर पाण्याची रेषा पहिलीस समांतर राहून आत सरकते व छेदनबिंदू गहू दीड, हरभरा साडेचार एकर असा येतो. 12 पाळ्यांवर गहू शून्य होतो. त्याहून कमी पाणी असल्यास रेषा कागदावर छेदतच नाहीत; अशा वेळी काही क्षेत्र कोरडवाहू ज्वारीस सोडावे. दोन्ही पिकांस सारख्याच पाळ्या लागत असतील तर रेषा समांतर होतात, अथवा एकीवर एक पडतात, व आलेख निवड सुचवू शकत नाही.

हा आलेख सर्व पाळ्या सारख्या मानतो. हलक्या जमिनीत पाळ्या वाढतात. तेव्हा आकडे आपल्या रानाचेच घ्यावेत. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी हे काम पेरणीपूर्वी, विहिरीत दोर सोडून पाणी मोजल्यावर करून घ्यावे. तरीही पुढे पाणी आटलेच आणि गव्हास एकच पाणी देणे शक्य असले, तर ते पेरणीनंतर 40 ते 42 दिवसांनी द्यावे.