मेणाचे मलम, कोरफडीचा गर आणि परिरक्षक

महाबळेश्वर तालुक्यातील मांघर हे २०२२ मध्ये देशातील पहिले ‘मधाचे गाव’ ठरले. मधमाशीपालनात मधासोबत मेणही मिळते आणि त्यापासून भेगांवरचे मलम घरच्या घरी करता येते. मेण व खोबरेल तेलाच्या मलमात पाणी नसल्याने सूक्ष्मजीव वाढत नाहीत. परिरक्षक लागत नाही. ओले बोट मात्र डबीत घालू नये. ई जीवनसत्त्वाने तेल उशिरा खवट होते, पण जिवाणू वा बुरशी रोखली जात नाही. अनेकांची गल्लत होते ती येथेच.

मलमात कोरफडीचा गर किंवा गुलाबपाणी मिसळले की परिरक्षक अनिवार्य ठरतो. मधाचा आधार येथे उपयोगी नाही. पाणी मिसळलेला मध स्वतःच आंबतो. दूषित मलम भेगाळलेल्या टाचेत जंतुसंसर्ग घडवू शकते. सोडियम बेंझोएट (०.५ टक्क्यापर्यंत) स्वस्त आहे, परंतु सामू ५ च्या खाली असेल तरच प्रभावी ठरते, म्हणून सायट्रिक आम्ल घालून सामूपट्टीने तपासणी करावी. ते बुरशीवर चांगले, जिवाणूंवर दुबळे असते. सामू अधिक असल्यास फिनॉक्सिइथेनॉल, कमाल १ टक्का, हा पर्याय उरतो.

विक्री करावयाची असल्यास सौंदर्यप्रसाधन नियम, २०२० नुसार उत्पादन परवाना आवश्यक आहे.