उतरलेल्या बॅटरीला घाई चालत नाही

बेळगाव

चि. बाळास,


ताईचा फोन आला होता. झड लागल्यापासून जीप पडवीशेजारी उभीच आहे, चावी फिरवली की नुसती कट्कट् होते आणि आता खत घेऊन येणाऱ्या ट्रकला केबल जोडून तू ती चालू करणार आहेस, असं ती म्हणाली. म्हणून रामनगरला येणाऱ्या माणसाजवळ हे पत्र आणि माझा चार्जर देतो आहे. ट्रकला केबल जोडू नकोस. मोठ्या ट्रकला आणि एस.टी.ला २४ व्होल्ट असतात, तुझ्या जीपला १२. दुप्पट दाब आत गेला तर अल्टरनेटर आणि वायरिंग जळेल, बॅटरी फुटूही शकते. लहान टेम्पो, कार, जीप यांचं बहुधा १२ व्होल्टचंच असतं, पण तेही खात्री केल्याशिवाय जोडायचं नाही.

बाजारकुणंगमध्ये तुझी जीप एकट्या तुझी नाही. रात्री कुणाच्या छातीत दुखलं, कुणाला साप चावला, एखादी बाळंतीण अडली, की माणसं तुझ्या दारात येतात. जोयडा असो की रामनगर, मध्ये जंगल आहे आणि फोनची रेंज हवी तिथे मिळत नाही. अशा वेळी गाडी चालू झाली नाही तर कुणाच्या तरी जिवावर बेतेल. तुला वाटतं, म्हणूनच घाई करायला हवी. मी म्हणतो, म्हणूनच ती आपल्याला परवडत नाही. बॅटरीच्या कामात माणसं भाजतात, डोळे गमावतात, त्यात घाईने चुकवलेला क्रम पुष्कळदा असतो. आज मी सांगतो तो क्रम पाठ कर, म्हणजे अडचणीच्या रात्री हात आपोआप बरोबर चालतील.

आधी बॅटरी उतरते म्हणजे आत काय होतं ते समजून घे. गॅस्तों प्लांते या फ्रेंच माणसाने १८५९ मध्ये शिशाच्या पट्ट्या आणि गंधकाम्ल वापरून पुन्हा भरता येणारी बॅटरी केली. तुझ्या जीपमध्ये आजही तीच रसायनं आहेत. एकेक घर साधारण २.१ व्होल्टचं, अशी सहा घरं. वीज खर्च होते तसं आम्लातलं गंधक पट्ट्यांवर जाऊन बसतं, आम्ल पातळ होतं. भरताना ते उलटं फिरतं. उतरलेली बॅटरी आठवडेच्या आठवडे तशीच ठेवली, तर पट्ट्यांवरचा तो थर कडक होतो आणि मग कितीही भर, बॅटरी पहिल्यासारखी होत नाही. म्हणून उतरल्याचं कळलं की भरायला उशीर करू नये. लगेच भरायला घ्यावी आणि सावकाश भरावी.

उतरली कशाने, हे शोधल्याशिवाय भरण्यात अर्थ नाही. दोन्ही हेडलाइट मिळून सुमारे ११० वॉट ओढतात, म्हणजे ९ अँपिअर. तुझ्या ६० अँपिअर-तासांच्या बॅटरीतली अर्धी वीज तीन-साडेतीन तासांत संपेल. आतला छोटा दिवा ५ वॉटचा. तो एका रात्रीत चांगल्या बॅटरीला संपवत नाही, पण चार-पाच दिवस लागून राहिला तर संपवतो. काहीच चालू नसलं तरी घड्याळ, रेडिओ, अलार्म थोडं थोडं पीत असतात, आणि वापराविना बॅटरी स्वतःहूनही हळूहळू उतरते. तुमच्याकडच्या पावसाळ्यात आणखी एक गोष्ट होते. दमट हवेने टर्मिनलवर पांढरा-हिरवा थर चढतो आणि बॅटरी भरलेली असूनही सेल्फला करंट मिळत नाही. म्हणून पहिल्यांदा बॉनेट उघडून टर्मिनल बघ. सैल असेल तर घट्ट कर. थर असेल तर वायरी काढून (त्याचा क्रम पुढे लिहिला आहे) पाण्यात खाण्याचा सोडा कालवून जुन्या ब्रशने धुऊन काढ, मात्र ते पाणी बॅटरीच्या झाकणांतून आत जाता कामा नये. कोरडं करून जोड आणि वरून व्हॅसलीनचा पातळ हात फिरव.

माझा जुना मल्टिमीटर सोबत देतो आहे. गाडी काही तास उभी राहिल्यावर मोज. १२.६ च्या वर म्हणजे भरलेली, १२.२ च्या आसपास म्हणजे अर्धी, १२ च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. गाडी चालू असताना १३.८ ते १४.४ दिसलं तर अल्टरनेटर काम करतो आहे. त्याहून बरंच कमी दिसलं, तर दोष बॅटरीचा नसून अल्टरनेटरचा किंवा तो फिरवणाऱ्या पट्ट्याचा आहे. मग बॅटरी बदलून पैसे वाया घालवू नकोस.

आता चार्जिंग. चार्जर लावण्याआधी चारही बाजूंनी बॅटरी बघ. फुगली असेल, तडा गेला असेल, गळत असेल, तर चार्ज करायची नाही, सरळ बदलायची. बरी असेल तर गाडीतून बाहेर काढ. काढताना आधी मायनस सोड, मग प्लस. बसवताना आधी प्लस, मग मायनस. याचं कारण असं की गाडीची सगळी बॉडी मायनसला जोडलेली असते. मायनस लागलेला असताना प्लसचा नट सोडायला गेलास आणि पाना बॉडीला टेकला, तर शेकडो अँपिअर त्या पान्यातून धावतील. पाना लालबुंद होतो, हात भाजतो. हातातली अंगठी, कडं, घड्याळ आधी काढून ठेव. अंगठीतून शॉर्ट झालं तर अंगठी निघायच्या आत बोट भाजतं.

चार्जिंगची जागा पडवी. घराच्या आत नको, आणि चुलीजवळ किंवा देवघराजवळ तर मुळीच नको. बॅटरी भरत आली की आम्लातल्या पाण्यातून हायड्रोजन आणि ऑक्सिजन सुटू लागतात. हवेत चार टक्के हायड्रोजन झाला तरी ठिणगीने तो पेट घेतो. हायड्रोजन हलका असतो, वर चढतो, बंद खोलीत कौलांखाली साठतो. म्हणून पाऊस लागणार नाही पण वारा खेळेल अशी पडवीच बरी. तिथे विडी नाही, उदबत्ती नाही. तुमच्याकडे पावसात तारांवर झाड पडलं की वीज जाते. वीज गेल्यावर बॅटरी बघायला चिमणी घेऊन वाकायचं नाही, टॉर्च घ्यायचा. आईला आणि मुलांनाही हे सांगून ठेव, कारण तू शेतात असशील तेव्हा दिवा घेऊन तिथे जाणारी तीच माणसं असतील.

बॅटरी उघडता येणारी असेल तर टोपण काढून आत बघ. पट्ट्या उघड्या पडल्या असतील तर त्या बुडतील एवढंच डिस्टिल्ड वॉटर घाल, आणि पूर्ण पातळीपर्यंत चार्ज झाल्यावर भर. भरताना पातळी वर येते, आधीच काठोकाठ घातलंस तर आम्ल बाहेर सांडेल. विहिरीचं पाणी नको, त्यातले क्षार पट्ट्यांवर बसतात. आणि वरून आम्ल तर कधीच घालायचं नाही. उडालेलं असतं ते पाणी, आम्ल आतच असतं. सीलबंद बॅटरी असेल तर तिच्यावरचा छोटा डोळा बघ. बहुतेक कंपन्यांत हिरवा म्हणजे ठीक, काळा म्हणजे भरायला हवी, पांढरट म्हणजे आतलं पाणी संपलं. पांढरट दिसला तर ती बॅटरी चार्ज करू नकोस.

जोडताना चार्जरचा प्लग भिंतीतून बाहेर हवा. लाल चिमटा प्लसला, काळा मायनसला, मग प्लग, मग बटण. काढताना उलट: आधी बटण बंद, प्लग बाहेर, मग चिमटे. चालू चार्जरचा चिमटा उपटलास तर ठिणगी नेमकी गॅसच्या तोंडावर पडते. हात कोरडे असू देत, पायात चप्पल असू दे, पावसात २३० व्होल्टशी खेळ नको.

किती करंट द्यायचा, याचा साधा नियम: बॅटरीवर लिहिलेल्या अँपिअर-तासांचा दहावा भाग. तुझ्या ६० च्या बॅटरीला ६ अँपिअर, लहान पेट्रोल कारच्या ३५ च्या बॅटरीला साडेतीन. पूर्ण उतरलेली असेल तर यात बारा तास लागतील, कारण दिलेला थोडा करंट उष्णतेत आणि गॅसमध्ये जातो. रात्रभर लाव, पण घरात कुणी जागं असेपर्यंत एकदा हात लावून बघ. कोमट ठीक, चटका बसेल इतकी गरम झाली तर लगेच बंद कर. घरच्या इन्व्हर्टरला ही बॅटरी जोडून भरायचा विचार करू नकोस. ते मोठ्या १५० अँपिअर-तासांच्या बॅटरीसाठी असतात, तुझ्या बॅटरीला त्यांचा करंट जास्त होतो. सोलर पॅनेल थेट जोडणं तितकंच वाईट. १२ व्होल्टचं पॅनेल उन्हात रिकामं असताना २० च्या वर जातं, म्हणून मध्ये चार्ज कंट्रोलर हवाच.

आता अडचणीच्या रात्रीची गोष्ट, म्हणजे दुसऱ्या गाडीवरून जंप. दोन्ही गाड्या जवळ आण, पण एकमेकींना टेकू देऊ नकोस. दोन्ही बंद, न्यूट्रल, हँडब्रेक वर, दिवे बंद. मग हा क्रम. लाल केबलचं एक टोक तुझ्या उतरलेल्या बॅटरीच्या प्लसला, दुसरं चांगल्या बॅटरीच्या प्लसला. काळ्याचं एक टोक चांगल्या बॅटरीच्या मायनसला. आणि शेवटचं टोक तुझ्या बॅटरीला लावायचं नाही, बॅटरीपासून दूर इंजिनच्या उघड्या लोखंडाला लावायचं. सर्किट तिथे पूर्ण होतं, ठिणगी तिथे पडते, आणि गॅस असतो बॅटरीपाशी. या एका टोकामुळे डोळे वाचतात. मग चांगली गाडी चालू करून पाच-दहा मिनिटं चालू राहू दे, नंतर तुझा सेल्फ मार. एका दमात दहा सेकंदांपेक्षा जास्त नको, मध्ये विश्रांती दे. चालू झाली की उलट्या क्रमाने काढ: आधी इंजिनवरचं काळं, मग बाकीचं. काम करताना तोंड बॅटरीवर धरू नकोस, जमेल तर चष्मा लाव. आम्ल डोळ्यांत उडालं तर त्याच क्षणी भरपूर स्वच्छ पाण्याने वीस मिनिटं धू आणि डॉक्टर गाठ. सोडा कपड्यांसाठी आणि लोखंडासाठी, डोळ्यांत कधी नाही.

धक्का मारून चालू करायची तुमच्याकडे सवय आहे. सपाटीवर, दुसऱ्या गिअरमध्ये, जुन्या डिझेल गाडीला ते चालतं. नव्या गाड्यांत इंधनाचा पंप आणि कॉम्प्युटर विजेवर चालतात, पूर्ण मेलेली बॅटरी धक्क्याने उठत नाही. आणि उतारावर सोडून चालू करायचा प्रयत्न मात्र मला वचन देऊन टाळ. इंजिन बंद असताना ब्रेक दगडासारखा कडक होतो, स्टीअरिंग जड होतं, आणि तुमच्या वळणांवर त्याला क्षमा नाही. रात्री जंगलात गाडी अडली तर उतरून ढकलत चालू नकोस. आसपास काळी व्याघ्र प्रकल्पाचं रान आहे, तिथे वाघ, अस्वल आणि गवे आहेत. काचा वर करून आत थांब, दिवे बंद ठेव, टॉर्च जवळ ठेव.

जंप करून घरी आलास की काम झालं असं समजू नकोस. जोयड्यापर्यंतच्या फेरीने रिकामी बॅटरी भरत नाही, अल्टरनेटरवर फक्त ताण येतो. त्याच रात्री चार्जर लाव. आणि पावसाळ्यात गाडी उभीच राहणार असेल, तर मायनसची वायर काढून ठेव. चोरून वीज पिणाऱ्या गोष्टी तेवढ्याने थांबतात. मात्र ती जोडायचा पाना डॅशबोर्डमध्ये ठेव आणि घरातल्या आणखी एकाला जोडता आली पाहिजे. महिन्यातून एकदा व्होल्ट मोज, १२.४ च्या खाली गेलं की चार्ज कर. बॅटरीला तीन-चार वर्षं झाली असतील तर पुढच्या पावसाच्या आधी गॅरेजमध्ये लोड टेस्ट करून घे.

ही बॅटरी खरंच गेली असेल तर ती फोडू नकोस, आम्ल ओहोळात ओतू नकोस. काळी नदीचं पाणी तुमच्याच डोंगरांतून खाली जातं, आणि शिसं एकदा मातीत गेलं की तुमच्या शेतात, कंदांत, मुलांच्या पोटात येतं. २०२२ च्या नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी कंपन्यांवर आहे, आणि नवी घेताना दुकानदार जुनीचे पैसे वजा करतो. जुनी द्यायला सोबत घेऊन जा.

माणूस पोचला की आधी टर्मिनल बघ, मग व्होल्ट मोज. ट्रकवाल्याला नाही म्हणून सांग. आकडा ११ च्या खाली आला तर चार्जर लावण्याआधी मला कळव, इतकी खाली गेलेली बॅटरी मला स्वतः बघायची आहे. ताईला नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा
मामा