मेन्यूवर मेपल लिहिण्याआधी

कोल्हापूर

चि. मृणाल,

तुझ्या मेन्यूचा कच्चा कागद मिळाला. बंगळुरूच्या बनशंकरीत पोटभर, गरमागरम, घरची आठवण देणारं खाणं द्यायचं, हा तुझा बेत मला मनापासून आवडला. कागदावर मेपल मात्र चार ठिकाणी दिसलं: पॅनकेक, फ्रेंच टोस्ट, भाजलेला लाल भोपळा आणि फिल्टर कॉफी. तेवढ्यावरच लिहितो आहे. मला आधी हे सांग, तुझ्या स्वयंपाकघरात बाटली कोणती येणार आहे?

बाजारात या नावाखाली दोन अगदी वेगळ्या वस्तू मिळतात. पहिली खरं मेपल सिरप. कॅनडातल्या क्विबेकमध्ये हिवाळा सरताना रात्री गोठवणारी थंडी पडते, दिवसा ऊब येते. त्या मोजक्या आठवड्यांत शुगर मेपलच्या खोडाला भोक पाडून रस काढतात. त्यात साखर जेमतेम २ टक्के. साधारण ४० लिटर रस आटवावा तेव्हा १ लिटर सिरप हाती येतं. आपल्या उसाच्या रसात याच्या कितीतरी पट साखर असते, म्हणून काकवी स्वस्त आणि मेपल महाग. दुसरी वस्तू म्हणजे मक्याच्या साखरेच्या पाकात रंग आणि सुगंध घालून केलेलं पॅनकेक सिरप. लेबलावरच्या पानाच्या चित्रावर जाऊ नकोस, मागची घटकांची यादी वाच. खऱ्या सिरपच्या यादीत एकच नाव असतं.

दुसरी बाटली परवडते म्हणून ती आणणार असशील, तर मेन्यूवर ‘मेपल सिरप’ हे शब्द येता कामा नयेत. २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्यात पदार्थाबद्दल दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाख रुपयांपर्यंत दंड आहे. पण दंडाच्या भीतीनं वागावंस असं मला वाटत नाही. तुझ्याकडे कोण येणार ते डोळ्यांसमोर आण. मंगळवारी, शुक्रवारी राहुकाळात लिंबाचे दिवे लावून बनशंकरी अम्माच्या देवळातून निघालेली माणसं, त्यांत बदामीची बनशंकरी कुलदैवत असलेली आपली मराठी घरंही असतील. रोज सकाळी उभ्या उभ्या इडली-वडा खाऊन कामाला जाणारी, लोणी कोणतं ते वासावरून ओळखणारी जुनी मंडळी. आणि टोरांटो-बॉस्टनला काही वर्षं काढून परतलेली मुलं, ज्यांनी खरं मेपल खाल्लेलं आहे. यांतल्या कुणालाही खोटी चव एकदाच देता येते.

मग मेपलचा वास कुठून आणायचा? इथे मला तुला एक गोष्ट मुद्दाम सांगायची आहे. २००५ पासून न्यूयॉर्कच्या मॅनहॅटनमध्ये मधूनच सगळीकडे मेपल सिरपचा वास पसरायचा. लोक काळजीनं शहराच्या हेल्पलाइनला फोन करायचे. २००९ मध्ये उलगडा झाला. नदीपलीकडे न्यू जर्सीतल्या सुगंधी द्रव्यांच्या कारखान्यात मेथीदाण्यावर प्रक्रिया चालायची, त्याचा तो वास! मेथीच्या वासात सोटोलॉन नावाचं द्रव्य मुख्य असतं. ते अगदी थोडं असलं की मेपलसारखा, किंचित जळक्या साखरेसारखा वास येतो. जास्त झालं की सरळ मेथी. म्हणून तर नकली मेपल फ्लेवरमध्ये मेथीचा अर्क वापरतात. म्हणजे तू परदेशी एसेन्सला पैसे मोजणार आणि आत असणार आपल्या फडताळातला मेथीदाणा.

त्यापेक्षा हे करून बघ. थोडे मेथीदाणे मंद आचेवर बदामी होईपर्यंत भाज. कुटू नकोस, नाहीतर कडवटपणा काकवीत उतरेल. अर्धा लिटर काकवी कोमट करून त्यात चमचाभर दाणे टाक, चिमूटभर मीठ घाल, रात्रभर ठेवून गाळून घे. काकवी मी इथून पाठवीनच. तिकडच्या गिऱ्हाइकाला ती ‘जोनी बेल्ल’ म्हणून ठाऊक असते. मेन्यूवर ‘काकवी आणि भाजलेली मेथी’ असंच लिही. लोक विचारतील, आणि तुला सांगायला खरं उत्तर असेल.

तरीही दोन पदार्थांसाठी अस्सल मेपल घे, असंच मी म्हणेन. पहिला पदार्थ पॅनकेकऐवजी सेट डोसा असावा. त्याच्या पिठात मेथी भिजलेली असतेच, तो वरून जाळीदार आणि मऊ असतो, त्यामुळे सिरप आत मुरतं. गरम डोशावर पांढरं लोणी, त्यावर मेपलची धार आणि मिठाचे चार खडे. मीठ विसरू नकोस. क्विबेकच्या लोकांचं मेपलच्या हंगामातलं जेवण बघ, ते हॅमवर, ऑम्लेटवर, शिजवलेल्या बीन्सवर मेपल ओततात. खारट आणि स्निग्ध काहीतरी खाली असल्याशिवाय ही चव उठत नाही, नुसती साखर लागते.

दुसरा पदार्थ भोपळा. तो ठेव, पण सिरप सुरुवातीला लावू नकोस. भट्टीत साखर आधी करपते आणि वास उडून जातो. भोपळा तेल, मीठ आणि ब्याडगी मिरचीत भाजून काढ, मग शेवटच्या दोन मिनिटांत सिरप लाव. त्यासाठी गडद प्रतीचं घे. सोनेरी प्रतीचं नाजूक असतं, ते डोशावरच शोभेल. उघडलेली बाटली फ्रिजमध्ये ठेवायची, बाहेर राहिली तर बुरशी धरते. हे स्वयंपाकघरातल्या मुलांना पहिल्याच दिवशी सांगून ठेव.

फिल्टर कॉफीतलं मेपल काढून टाक. चिकोरी आणि दाट दुधापुढे तो वास टिकत नाही, महागाची बाटली वाया जाईल, आणि बंगळुरूच्या माणसाला त्याच्या कॉफीत कुणी ढवळाढवळ केलेली खपणार नाही. फ्रेंच टोस्टला काकवीच घाल.

म्हणजे मेपल दोन ठिकाणी, काकवी एका ठिकाणी, कॉफी जशी आहे तशी. याप्रमाणे दर पुन्हा मांड आणि मेन्यू छापायला देण्याआधी नवा कागद मला पाठव.

तुझा,
मामा