बाहेर की आत? वसतिगृहातील कर्मचाऱ्यांसाठी आपत्तीचा पाठ



या अंकातील पाठ मुख्याध्यापकांसाठी कमी आणि पहारेकरी, स्वयंपाकी, कामाठी, अधीक्षक, अधीक्षिका यांच्यासाठी अधिक आहे. कारण साधे आहे. आपत्ती कार्यालयाची वेळ पाहून येत नाही. रात्री दोन वाजता वसतिगृहात मुलांजवळ असतात ती हीच माणसे. भिंतीवर लावलेला आराखडा कितीही चांगला असला, तरी फाटकाची किल्ली ज्याच्या कमरेला आहे त्याला तो ठाऊक नसेल, तर त्या कागदाचा उपयोग नाही.

मोठ्या शहरांतील विद्यापीठांच्या इमारतींत प्रत्येक मजल्यासाठी एक माणूस नेमलेला असतो. घंटा वाजली की आपला मजला रिकामा झाला का, कुणी मागे राहिले का, हे पाहणे त्याचे काम. आपली इमारत लहान असेल, कौलारू असेल, पण ही रीत आपल्यालाही तितकीच लागू पडते. किंबहुना जास्तच, कारण आपल्याकडची मुले लहान आहेत आणि आई-बापांनी ती आपल्या हवाली केलेली आहेत.

एक दुःखद आठवण

नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू आणि तलासरी तालुक्यांत भूकंपाचे धक्के सुरू झाले. धुंदलवाडी हे नाव तेव्हा सर्वांच्या तोंडी झाले. १ फेब्रुवारी २०१९ रोजी, शुक्रवारी, एकापाठोपाठ एक धक्के बसले. त्यांतला सर्वांत मोठा ४.१ रिश्टरचा होता. त्या दिवशी डहाणू तालुक्यातील हळदपाडा येथे घरचे लोक घाबरून बाहेर पळाले. त्या धावपळीत दोन वर्षांची एक मुलगी पडली, डोक्याला दगड लागला आणि ती दगावली.

घर तिच्या अंगावर कोसळले नव्हते. तिचा जीव गेला तो पळताना. तिच्या घरच्यांना दोष देण्यासारखे यात काहीच नाही. जमीन हलू लागली की लेकरू उचलून धावणे हे कोणत्याही आईचे पहिले पाऊल असते. पण या घटनेतून आपण एक गोष्ट शिकलो नाही, तर त्या लेकराचे मरण वाया जाईल. संकट आले की पळायचे, एवढेच उत्तर पुरेसे नाही. काही संकटांत बाहेर पडायचे असते, काही संकटांत आत थांबायचे असते. कधी आधी आत आणि मग बाहेर. चुकीचे उत्तर दिले तर शूर माणूसही मुलांना धोक्यात नेतो.

नवापूर, बोईसर, तारापूर या पट्ट्यात तर हा प्रश्न अधिकच अवघड आहे. उत्तरेला भूकंपाचा पट्टा, शेजारी औद्योगिक वसाहत, जवळच अणुवीज केंद्र, आणि आग तर प्रत्येक स्वयंपाकघरात. या चारही संकटांची उत्तरे एकसारखी नाहीत. ती एकेक करून पाहू.

१. आग : ताबडतोब बाहेर

१६ जुलै २००४ रोजी तमिळनाडूतील कुंभकोणम येथे एका शाळेत आग लागली. माध्यान्ह भोजन शिजत होते त्या स्वयंपाकघरातून ज्वाळा उठल्या आणि वरच्या मजल्यावरील शाकारलेल्या छपराने पेट घेतला. जिना अरुंद होता. ९४ मुले गेली. त्यानंतर देशभर शाळांच्या सुरक्षेचे नियम कडक झाले. तरीही आपण आपल्या इमारतीकडे एकदा त्या नजरेने पाहावे. स्वयंपाकघर निजायच्या खोल्यांना लागून आहे का? त्यावर गवताचे किंवा प्लॅस्टिकचे छप्पर आहे का? सरपण कुठे रचले आहे?

स्वयंपाक करणाऱ्या ताई-दादांनी तीन गोष्टी पक्क्या ध्यानात ठेवाव्यात. कढईतील तेल पेटले तर पाणी ओतू नये. गॅस बंद करून वर झाकण किंवा पिळलेले ओले गोणपाट टाकावे. सिलिंडरचा वास आला तर दिव्याच्या बटणाला हात लावू नये, चालू असेल तर चालू आणि बंद असेल तर बंदच राहू द्यावे. रेग्युलेटर बंद करून दारे-खिडक्या उघडाव्यात. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, तो जमिनीलगत साचतो, म्हणून खालची दारे उघडणे महत्त्वाचे. तिसरी गोष्ट, रात्री काम संपल्यावर रेग्युलेटर बंद केल्याशिवाय घरी जाऊ नये.

आग पसरली की सामान, वह्या, पेट्या यांचा विचार सोडावा. धूर वर चढतो, खाली हवा थोडी स्वच्छ असते. म्हणून मुलांना वाकून, गरज पडली तर रांगत बाहेर काढावे.

२. भूकंप : आधी डोके सांभाळा, मग बाहेर

हादरा बहुधा काही सेकंदांचा असतो. तेवढ्या वेळात साठ मुले एका दारातून बाहेर पडू शकत नाहीत. ती एकमेकांच्या अंगावर पडतात. म्हणून जमीन हलत असेपर्यंत धावायचे नाही. खाली बसायचे, लोखंडी खाटेखाली किंवा बाकाखाली शिरायचे आणि त्याचा पाय धरून ठेवायचा. खाट नसेल तर उशी किंवा दप्तर डोक्यावर धरून खिडकी आणि फळीवरच्या पेट्यांपासून दूर बसायचे. तळमजल्यावर अगदी दारातच असलेला माणूस दोन पावलांत मोकळ्या जागी जाऊ शकतो, त्याने जावे. बाकीच्यांनी नाही.

हादरा थांबला की रांगेने बाहेर, इमारतीच्या भिंतींपासून, विजेच्या तारांपासून आणि पाण्याच्या टाकीपासून दूर. नंतर पुन्हा धक्के येतात हे डहाणू-तलासरीकरांनी महिनोन् महिने अनुभवले आहे. थंडीत माणसे तंबूत झोपली आणि शाळा उघड्यावर भरली ती त्यामुळेच. भिंतीला नवी भेग दिसली तर चादर आणायलाही कुणाला आत सोडू नये.

मुलांच्या पाड्यावरच्या घराबद्दलही त्यांच्याशी बोलावे. कारवीच्या कुडाची हलकी भिंत पडली तरी सहसा जीव घेत नाही. मातीत रचलेली जड विटांची, दगडांची भिंत मात्र घात करते. मुले ही माहिती घरी नेतात.

३. विषारी वायू : वारा पाहून ठरवा

तारापूर औद्योगिक वसाहतीतील स्फोट आपल्याला नवे नाहीत. ८ मार्च २०१८ च्या रात्री झालेल्या स्फोटाने दूरदूरची घरे हादरली आणि तीन कामगार गेले. ११ जानेवारी २०२० च्या संध्याकाळी दुसऱ्या एका कारखान्यातील स्फोटात आठ जणांचा बळी गेला. ऑगस्ट २०२५ मध्ये वायुगळतीने चार कामगार दगावले. तो वायू नायट्रोजन होता. नायट्रोजनला रंग नाही, वासही नाही. बंद जागेत तो प्राणवायूची जागा घेतो आणि माणूस न कळता कोसळतो. म्हणून ‘वास येत नाही, म्हणजे धोका नाही’ असे समजू नये. बंद खोलीत, टाकीत, खड्ड्यात कुणी बेशुद्ध पडलेला दिसला, तर त्याला काढायला एकट्याने आत उतरू नये. आधी मदत बोलवावी.

बाहेरून वायू येत असेल तर पहिले काम मुलांना आत घेणे. दारे-खिडक्या लावाव्यात, फटींत ओले कपडे खोचावेत, पंखे बंद करावेत, नाका-तोंडावर ओला रुमाल धरावा. भोपाळमध्ये २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री हवेपेक्षा जड असलेला वायू जमिनीलगत वस्त्यांत शिरला. ओले फडके तोंडावर धरा, एवढी साधी गोष्टही शेजारच्या वस्तीला आधी कुणी सांगून ठेवलेली नव्हती. आपल्याकडे तसे होऊ नये.

निघावेच लागले तर वाऱ्याबरोबर धावू नये, कारण वायूही त्याच दिशेने चाललेला असतो. वारा तोंडावर किंवा पाठीवर न घेता एका खांद्यावर घेऊन चालावे, म्हणजे आपण त्याच्या वाटेतून आडवे बाहेर पडतो. यासाठी आवारात एका उंच काठीला फडके बांधून ठेवावे. खर्च काहीच नाही.

आपल्या किनाऱ्यावरच्या कोळी बांधवांना वाऱ्याचे गणित पाठ असते. दिवसा खारे वारे समुद्राकडून जमिनीकडे येतात, रात्री मतलई वारे जमिनीकडून समुद्राकडे जातात. बोईसरचे कारखाने नवापूरच्या जमिनीकडच्या बाजूला आहेत. म्हणजे पावसाळा सोडला तर रात्रीच्या गळतीचा वायू किनाऱ्यावरच्या गावांकडे येण्याचा संभव अधिक. रात्रपाळीच्या पहारेकऱ्याला हे माहीत असले पाहिजे. तरीही शेवटचा निर्णय त्या क्षणी काठीवरचे फडके पाहूनच घ्यावा.

४. अणुवीज केंद्र : आत, आणि सूचनेची वाट

तारापूरचे केंद्र १९६९ पासून वीज देत आहे. केंद्राभोवती १६ किलोमीटरपर्यंतचा भाग आणीबाणीच्या नियोजनासाठी धरला जातो, आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या नेतृत्वाखाली ठरावीक काळाने सराव होतात. नवापूर त्या वर्तुळात येते. भीती घालण्यासाठी हे लिहिलेले नाही. पण त्या दिवशी अफवा ऐकून मुलांना ट्रकमध्ये भरून पळवणे ही सर्वांत मोठी चूक ठरेल, म्हणून लिहिले आहे.

अशा वेळी पक्क्या भिंतींच्या आत राहणे हेच पहिले संरक्षण असते. दारे-खिडक्या बंद, पंखे बंद. पिण्याचे पाणी आणि शिजलेले अन्न झाकून ठेवावे. उघड्या विहिरीचे पाणी, अंगणात वाळत घातलेली मासळी, ताजी भाजी यांना प्रशासन सांगेपर्यंत हात लावू नये. बाहेरून आलेल्याने वरचे कपडे दाराशी काढून पिशवीत बांधावेत आणि अंग धुवावे. आयोडीनच्या गोळ्या गळ्यातील थायरॉइड ग्रंथीला वाचवण्यासाठी असतात. त्या अधिकाऱ्यांनी सांगितल्यावर, सांगितल्या मापानेच घ्यायच्या असतात. स्थलांतराचा आदेशही त्यांच्याकडूनच येतो. तोपर्यंत रेडिओ आणि फोन चालू ठेवावा.

कोणाचे काम कोणते

घंटेच्या खुणा दोनच ठेवाव्यात. न थांबता वाजणारी घंटा म्हणजे ‘बाहेर’. तीन टोल, थोडे थांबून पुन्हा तीन टोल, म्हणजे ‘आत’. भूकंपाला घंटेची गरज नाही, जमीनच खूण देते. हादरा थांबल्यावर मात्र ‘बाहेर’ची घंटा द्यावी. वीज गेली तरी चालेल असा रुळाचा तुकडा टांगलेला असावा.

पहारेकरी: घंटा देतो, फाटक उघडतो, काठीवरचे फडके पाहतो.

स्वयंपाकी व मदतनीस: गॅस आणि चूल बंद करतात, पाणी-अन्न झाकतात, स्वयंपाकघराचे दार लावून घेतात.

कामाठी: विजेचा मुख्य खटका बंद करतात, संडास-न्हाणीघरात कुणी राहिले का ते पाहतात. घाबरलेले लहान मूल तिथेच लपते.

अधीक्षक, अधीक्षिका: हजेरीपट आणि बॅटरी घेऊन सर्वांत शेवटी बाहेर पडतात, मुले मोजतात.

मोठी मुले-मुली: प्रत्येकाकडे पहिली-दुसरीतली दोन मुले नेमून द्यावीत. झोपेतले लहान मूल हाकेने उठत नाही, हाताला धरून उठवावे लागते.

सूचना मुलांच्या बोलीतच द्याव्यात. नुकतेच आलेले वारली किंवा कातकरी मूल घाबरल्यावर पुस्तकी मराठी समजून घेत नाही.

आता किल्लीविषयी. मुलींच्या वसतिगृहाला रात्री कुलूप लावावे लागते, त्याला कारण आहे आणि ते खरे आहे. पण ते कुलूप बाहेरून लावलेले नसावे. आतल्या बाजूने लावावे, एक किल्ली अधीक्षिकेजवळ आणि दुसरी आतच ठरलेल्या खिळ्याला, जी मोठ्या मुलींना अंधारातही सापडेल. सुरक्षेसाठी लावलेले कुलूप मुलींचा सापळा होऊ नये.

आणि मोजणीविषयी. आपली मुले सणाला, लग्नाला, कधी न सांगताही पाड्यावर जातात. रात्रीची हजेरी खरी नसेल, तर एक मूल कमी भरल्यावर कुणीतरी त्याला शोधायला जळत्या इमारतीत शिरेल, आणि ते मूल मात्र घरी आजीजवळ झोपलेले असेल. म्हणून रोज निजण्यापूर्वीची हजेरी प्रत्यक्ष डोकी मोजूनच घ्यावी. शाळेच्या नोंदीसाठी नव्हे, जिवासाठी.

मदतीचे क्रमांक स्वयंपाकघरात आणि फाटकाजवळ मोठ्या अक्षरांत लिहावेत: आणीबाणी ११२, अग्निशमन १०१, रुग्णवाहिका १०८, जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्ष १०७७. फोन करणाऱ्याने आधी गावाचे नाव आणि रस्त्यावरची ओळखीची खूण सांगावी, मग घटना.

सराव

पहिला सराव दिवसा, मुलांना आधी सांगून. दुसरा संध्याकाळी दिवे बंद करून. तिसरा रात्री, मुले झोपल्यावर. घंटेपासून शेवटचे डोके मोजेपर्यंत किती मिनिटे लागली ते वहीत लिहावे. रात्री मोकळ्या मैदानात मुलांना अनवाणी नेऊ नये. मण्यार रात्रीच फिरते, म्हणून चपला खाटेखाली एका ओळीत ठेवण्याची सवय लावावी. सरावात चूक झाली तर रागावू नये. सराव त्यासाठीच असतो.

बैठकीत चर्चेसाठी प्रश्न

१. आज रात्री आपल्या वसतिगृहात किती मुले झोपणार आहेत? हा आकडा कोणाला न पाहता सांगता येतो?

२. पहारेकरी रजेवर असेल त्या रात्री घंटा कोण देईल, फाटक कोण उघडेल?

३. चालू न शकणारे, तापाने पडलेले किंवा ऐकू न येणारे मूल आपल्याकडे आहे का? त्याला कोण नेईल?

४. वायूचा वास आला आणि त्याच वेळी स्वयंपाकघरात आग असेल, तर मुलांना कुठे न्याल? आपल्या आवाराचा नकाशा काढून ठरवा.

५. ‘बाहेर’ आणि ‘आत’ या दोन खुणा सर्वांत लहान मुलाला विचारा. त्याला सांगता आल्या, तर हा पाठ पुरा झाला.