घरातली बंदूक आणि कमी खर्चातली तिजोरी



आपल्याकडे परवान्याची बंदूक असलेली घरे मोजकीच असतात. कुणाकडे आजोबांच्या काळची ठासणीची बंदूक पीकसंरक्षणासाठी आहे, कुणाकडे बारा बोअरची एकनळी किंवा दुनळी आहे, एखाद्याकडे रिव्हॉल्वर आहे. घरे मोजकी असली तरी त्या घरांत येणारी-जाणारी माणसे मोजकी नसतात. पाहुणे येतात, गडीमाणसे येतात, शेजारची पोरे लपाछपी खेळायला येतात. म्हणून हा धडा बंदूकवाल्यांनी तर वाचावाच, पण ज्यांच्याकडे बंदूक नाही त्यांनीही वाचावा.

सुरुवात आमच्याच चुकीने करतो. आमच्या घरी वडिलोपार्जित दुनळी आहे. ती लोखंडी कपाटात असे आणि कपाटाला कुलूप असे. त्यामुळे आम्ही निर्धास्त होतो. एका दिवाळीला घर पाहुण्यांनी भरले होते. आम्ही पडवीत बोलत बसलो असताना आत ‘खट्’ असा आवाज झाला. जाऊन पाहतो तर आठ वर्षांचा भाचेनातू बंदूक मांडीवर घेऊन बसलेला आणि समोर त्याची धाकटी बहीण. त्याने चाप ओढला होता. आदल्या आठवड्यात बंदूक पुसायला काढली होती आणि तेव्हा नळ्या रिकाम्या केल्या होत्या, एवढेच आमचे नशीब. काडतुसांचा पट्टा त्याच खणात होता. ‘किल्ली कुठं मिळाली रे?’ असे विचारले तर पोरगं म्हणालं, ‘कपाटावर. सगळ्यांना माहीत आहे की.’

कपाटाला कुलूप होते आणि किल्ली कपाटावर होती. त्या रात्री आम्हाला झोप लागली नाही. सकाळी टेप घेऊन बंदूक मोजली आणि तिजोरीच्या शोधाला लागलो. त्या शोधात जे शिकलो ते येथे क्रमाने मांडतो.

१. तिजोरी कोणासाठी?

चोरासाठी, असे आपण पटकन म्हणतो. चोराचा विचार करायलाच हवा. पण चोर वर्षा-दोन वर्षांत कधी येईल, घरातले मूल रोज घरात असते. दारूच्या भरात बांधावरून भांडून आलेला भाऊ, कर्जाने किंवा नापिकीने खचून गेलेला घरचाच माणूस, हेही घरातच असतात. रागाची आणि निराशेची लाट बऱ्याचदा थोड्या वेळाची असते. तेवढ्या वेळात हाताला बंदूक लागली नाही तर माणूस वाचू शकतो. म्हणून तिजोरी आधी आपल्याच माणसांसाठी आणि मग चोरासाठी, हा क्रम पक्का ठेवावा. खर्च कुठे करायचा आणि कुठे वाचवायचा, हे याच क्रमावरून ठरते.

२. आधी माप, मग खरेदी

दुनळीची पूर्ण लांबी साधारण ४५ ते ४७ इंच भरते. ती उभी ठेवायची तर आतून किमान ५० इंच उंचीची पेटी लागते. पण मधे मोडणाऱ्या बंदुकीची पुढची लाकडी पकड काढली की नळी आणि कुंदा वेगळे होतात. मग सर्वांत लांब भाग म्हणजे नळी, ती २८ ते ३० इंच. तिला तीन फुटी पेटी पुरते. सुटी करण्यापूर्वी नळीचे तोंड सुरक्षित दिशेला धरून दोन्ही नळ्या रिकाम्या आहेत हे डोळ्यांनी पाहावे. सुटी करण्याची सवय नसेल तर परवानाधारक विक्रेत्याकडून शिकून घ्यावे. ठासणीची बंदूक लांब असते आणि अशी सुटी होत नाही. तिला तिच्या मापाचीच पेटी हवी.

पाच-सहा बंदुकांची भली मोठी तिजोरी दुकानदार गळ्यात मारू पाहतो. ती घेऊ नये. २०१९ च्या कायदादुरुस्तीनंतर सर्वसाधारण परवानाधारकाला जास्तीत जास्त दोनच अग्निशस्त्रे बाळगता येतात.

३. पत्रा: गेज उलटे चालते

फॅब्रिकेशनवाला ‘गेज’मध्ये बोलतो. गेजचा आकडा जेवढा लहान तेवढा पत्रा जाड. २० गेज म्हणजे सुमारे ०.९ मिलिमीटर, १८ गेज १.२, १६ गेज १.६, १४ गेज २, १२ गेज २.६ आणि १० गेज ३.२५ मिलिमीटर. कपड्यांचे साधे कपाट बहुधा पहिल्या दोन जाडींतले असते. ते पहारीपुढे टिकत नाही. बंदुकीच्या पेटीला निदान २ मिलिमीटर पत्रा धरावा, ३ मिळाला तर उत्तम.

आपण शेतकरी वजनात पक्के. तेव्हा हा हिशेब ध्यानात ठेवा. एक चौरस फूट लोखंडी पत्र्याचे वजन प्रत्येक मिलिमीटर जाडीमागे सुमारे ७३० ग्रॅम भरते. साडेचार फूट उंच आणि एक फूट रुंद-खोल पेटीला २० चौरस फूट पत्रा लागतो. २ मिलिमीटर जाडीने ते वजन २९ किलो होते. तीन फूट उंच पेटीला १४ चौरस फूट पुरतो आणि ३ मिलिमीटर जाडीनेही वजन साडेतीस किलोच होते. म्हणजे बंदूक सुटी करून ठेवली तर जवळजवळ तेवढ्याच लोखंडात दीडपट जाड पेटी मिळते. कमी पैशांत भक्कम काम करून घेण्याचा याहून सोपा मार्ग आम्हाला सापडला नाही.

तयार पेटी घेताना हाच हिशेब उलटा लावावा. मापे घ्या, चौरस फूट काढा आणि वजन विचारा. दुकानदार ‘जाड पत्रा’ म्हणतो आणि वजन भरत नाही, तर पत्रा पातळ आहे. बँका-पेढ्यांतल्या अस्सल तिजोऱ्यांसाठी आयएस ५५० हे भारतीय मानक आहे. ती वस्तू वेगळी, तिची किंमतही वेगळी. साध्या पत्र्याच्या पेटीला कुणी ‘तिजोरी’ आणि वर ‘अग्निरोधक’ म्हणाला तर दोन पत्र्यांमध्ये काय भरले आहे ते विचारावे. नुसता पत्रा आगीची धग अडवत नाही.

४. दार आणि बिजागऱ्या

पेटी बहुधा दारातून फुटते. दार चौकटीच्या आत बसणारे असावे आणि फटीत पहारीचे टोक शिरू नये. बिजागऱ्या बाहेर असतील तर त्या कापता येतात. म्हणून बिजागरीच्या बाजूलाही दाराच्या आतून एक पट्टी किंवा दोन जाड खुंट्या वेल्ड करून घ्याव्यात. त्या चौकटीमागे अडकल्या की बिजागरी कापूनही दार निघत नाही. वेल्डिंग जागोजागी टाचलेले नको, सलग हवे. हे सांगून करून घेतले तर खर्च फारसा वाढत नाही.

५. कुलूप

किल्लीचे लिव्हरवाले कुलूप जुने, पण भरवशाचे. बाहेर लोंबणारे कुलूप लावायचेच असेल तर त्याभोवती लोखंडी घर करावे, म्हणजे कटर पोचत नाही.

आकड्यांच्या बटणांचे कुलूप सेलवर चालते, त्यामुळे वीज जाण्याची भीती नाही. पण सेल उतरतात. म्हणून त्यासोबत आणीबाणीची किल्ली येते आणि ती किल्ली पेटीतच ठेवून दार लावणारे महाभागही असतात. कारखान्यातून आलेला मूळ आकडा पहिल्याच दिवशी बदलावा. आपली जन्मतारीख किंवा गाडीचा नंबर ठेवू नये. अगदी स्वस्त पेट्यांतले बटणांचे कुलूप वरून जोराचा दणका दिला की सुटते, असेही आढळते. घेण्याआधी दुकानातच दणका देऊन पाहावा. दुकानदाराला राग आला तर येऊ द्यावा.

बोटाच्या ठशाचे कुलूप आपल्या हातांना मानवेलच असे नाही. ऊस, माती आणि खुरपे यांनी बोटांच्या रेघा झिजलेल्या असतात. रेशन दुकानातल्या यंत्राने ज्यांना परत पाठवले आहे त्यांना हे सांगायला नको.

आता मुख्य गोष्ट. कुलूप कोणतेही असो, किल्ली परवानाधारकाजवळच हवी. कपाटावर, उशीखाली, देव्हाऱ्यात, दाराआडच्या खिळ्याला, या जागा घरातल्या प्रत्येक मुलाला माहीत असतात. दुसरी किल्ली घरात ठेवूच नये. बँकेत लॉकर असेल तर तिथे ठेवावी.

६. जागा आणि बसवणे

तीस किलोची पेटी दोघेजण उचलून नेतात आणि उसाच्या फडात बसून सावकाश फोडतात. रिव्हॉल्वरची छोटी पेटी तर एकटाच काखेत मारतो. म्हणून न बसवलेली पेटी म्हणजे चोराच्या सोयीसाठी बांधून ठेवलेले गाठोडे. मागे आणि तळाला मिळून चार भोके पाडून १२ मिलिमीटरचे बोल्ट आतून आवळावेत. सिमेंट काँक्रीटमध्ये फास्टनर चांगला धरतो. जुन्या वाड्याच्या मातीत रचलेल्या दगडी भिंतीत तो धरत नाही. तिथे पेटीच्या तळाला लोखंडी पाय वेल्ड करावेत, जमिनीत फूटभर खड्डा घेऊन ते काँक्रीटमध्ये गाडावेत आणि आठवडाभर पाणी मारावे. ओटा जमिनीपेक्षा दोन-तीन इंच वर ठेवावा, म्हणजे फरशी धुताना पाणी लागत नाही.

पेटी खोलीच्या कोपऱ्यात बसवावी. दोन्हीकडे भिंत असली की पहार फिरवायला जागा राहत नाही. न्हाणीघराची ओली भिंत टाळावी. खताच्या खोलीत तर मुळीच नको. युरिया ओल ओढतो आणि लोखंड खातो. धान्याला किडीच्या गोळ्या लावतो त्या खोलीत काडतुसे नकोत, कारण त्या गोळ्यांचा वायू पितळ-तांब्याला बाधतो.

पेटी करून घेताना ‘बंदुकीसाठी’ असे फॅब्रिकेशनवाल्याला सांगायचे कारण नाही. ‘कागदपत्रांसाठी’ म्हटले तरी काम तेवढेच चांगले होते.

७. काडतुसे, दारू आणि ओल

काडतुसे वेगळ्या कुलपात आणि वेगळ्या किल्लीने ठेवावीत. बंदूक नेहमी रिकामीच आत जावी. ठासणीच्या बंदुकीची दारू मात्र घट्ट बंद लोखंडी पेटीत कधीही कोंडू नये. ठिणगी किंवा आग लागली तर ती पेटीच बॉम्ब होईल. दारू कुलपाच्या लाकडी पेटीत, चुलीपासून आणि देवाच्या दिव्यापासून लांब ठेवावी. टोप्या आणखी वेगळ्या ठेवाव्यात.

बंदूक चामड्याच्या किंवा कापडी खोळीत घालून पेटीत ठेवू नये. खोळ ओल धरते आणि पावसाळ्यात आतल्या आत गंज चढतो. नळीवर तेलाचा पातळ हात फिरवावा, पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात आणि जून ते सप्टेंबर दर पंधरवड्याला पाहावे.

८. पैसेच नसतील तर

उसाचे बिल अजून यायचे आहे आणि हातात काही नाही, असे असले तरी आजपासून करण्यासारखे पुष्कळ आहे. नळी एका कुलपात, कुंदा दुसऱ्या कुलपात आणि काडतुसे तिसऱ्या कुलपात ठेवावीत. तीन जुन्या ट्रंका आणि तीन कुलपे एवढ्यात काम भागते. मुलाच्या हाती पूर्ण बंदूक लागत नाही, चोराच्या हातीही सहसा लागत नाही. पुढे पैसे आले की आधी पेटी जमिनीला बसवण्यावर खर्च करावा, मग पत्र्याच्या जाडीवर, मग कुलपावर. रंग, आतले मखमली अस्तर आणि बटणांची चमक सर्वांत शेवटी.

घर महिनाभर बंद राहणार असेल तर बंदूक पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून पावती घ्यावी. घरात कुणी फार खचलेले दिसत असेल, तरीही हाच मार्ग धरावा. त्यात कमीपणा काही नाही. निवडणुकीच्या वेळी आपण जमा करतोच की. परवानाधारक वारला तर वारसांनी विनाविलंब शस्त्र जमा करावे, ‘तेरावा झाल्यावर बघू’ म्हणू नये. बंदूक हरवली किंवा चोरीला गेली तर ताबडतोब जवळच्या पोलीस ठाण्यात कळवावे, ही परवान्याचीच अट आहे. त्यासाठी बंदुकीचा क्रमांक आणि परवान्याची प्रत पेटीबाहेर दुसरीकडे ठेवावी.

उजळणी

घरच्या घरी स्वतःला हे प्रश्न विचारावेत. माझी बंदूक या क्षणी रिकामी आहे का? काडतुसे तिच्यापासून वेगळी आहेत का? पेटी दोघांना उचलून नेता येईल का? आणि शेवटचा प्रश्न: किल्ली कुठे आहे हे घरातल्या सर्वांत लहान मुलाला लाडाने विचारून पाहावे. त्याने बरोबर उत्तर दिले तर धडा पुन्हा पहिल्यापासून वाचावा. आम्हाला तो त्या दिवाळीत एका पोराने शिकवला. तुमच्या घरी तशी वेळ येऊ नये, एवढ्यासाठीच हे लिहिले.