भोंगा वाजला, तरी शिट्टी का नाही?

प्रश्न : चेंडू हवेत असताना २४ सेकंदांचा भोंगा वाजला. चेंडू नुसता बोर्डाला लागून खाली आला आणि बचाव करणाऱ्या खेळाडूने झेलला. पंचांनी खेळ थांबवलाच नाही. हे बरोबर आहे का?
— एक वाचक, शंकर नगर, रायपूर

उत्तर : पंचांचा निर्णय अचूक होता. फिबाच्या (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या) नियमानुसार भोंग्याआधी चेंडू हातातून सुटला पाहिजे आणि नंतर तो रिंगला लागला किंवा बास्केटमध्ये गेला पाहिजे. तसे न झाल्यास नियमभंग होतो. मात्र प्रतिस्पर्ध्याला चेंडूचा ताबा तत्काळ आणि स्पष्ट मिळाला, तर भोंग्याकडे दुर्लक्ष करून खेळ चालू ठेवतात. नाहीतर वेगवान प्रतिहल्ल्याची त्याची संधी हुकेल. तोच चेंडू आक्रमक संघाच्या हाती आला असता, तर शिट्टी वाजलीच असती.

चेंडू रिंग आणि बोर्डाच्या मध्ये अडकला, तर पझेशनचा बाण (पुढचा ताबा कोणाला, हे दाखवणारा) पाहतात. बाण आक्रमक संघाचा असेल तर घड्याळावर १४ सेकंद, प्रतिस्पर्ध्याचा असेल तर २४. शॉट ब्लॉक झाला, पण चेंडू रिंगला लागला नाही आणि आक्रमक संघाकडेच परतला, तर घड्याळ तसेच चालू राहते.

म्हणून घड्याळ सांभाळणाऱ्याने नजर रिंगवर ठेवावी, आणि खेळाडूंनी शिट्टी ऐकेपर्यंत खेळत राहावे.