मल्टीच्या अंगावरचे दिवे: इंदूरमध्ये खर्च किती?

सुपर कॉरिडॉरला, बायपासला किंवा विजय नगरला नवी उंच मल्टी उभी राहते आणि लोक राहायला येण्याआधीच तिच्या अंगावर एलईडीच्या रेघा चमकू लागतात. दिवे बिल्डर लावतो. पण इमारत रहिवासी संघाच्या ताब्यात आली की त्यांचे बिल, दुरुस्ती आणि भांडणे हे सगळे मेंटेनन्सच्या रकमेतून निघते. काही संघ स्वतःच ठराव करून दिवे लावायला निघतात. दोघांच्याही मनात पहिली भीती असते ती विजेच्या बिलाची. हिशेब मांडला की दिसते, वीज हा यातला लहान खर्च आहे. खरा खर्च उंचीचा आहे. चौदाव्या मजल्याच्या बाहेर एक दिवा विझला तर तिथे माणूस कसा पोहोचणार, हा प्रश्न कोटेशनमध्ये बहुधा नसतोच.

आधी वीज. हिशेबासाठी वीस मजल्यांची, 80 फ्लॅटची इमारत घेऊ. दर्शनी भागावर साठ-साठ मीटरच्या चार उभ्या रेघा आणि माथ्याभोवती 80 मीटरची कड, म्हणजे एकूण 320 मीटर. एका रंगाची लिनिअर पट्टी मीटरला 12 वॉटची धरली तर 3,840 वॉट होतात. ड्रायव्हरमध्ये, म्हणजे पट्टीला योग्य व्होल्टेजची वीज पुरवणाऱ्या डब्यात, वाया जाणारी वीज मिळवून 4.3 किलोवॉट म्हणू. संध्याकाळी सात ते अकरा दिवे चालले तर रोजचे साधारण 17 युनिट, महिन्याचे 516. सगळे आकार धरून युनिटला 8 रुपये पडले तर महिन्याचे बिल 4,100 रुपयांच्या आसपास येते. फ्लॅटमागे 52 रुपये. तुमचा खरा दर पश्चिम क्षेत्र विद्युत वितरण कंपनीच्या मागच्या बिलावर सापडेल, तो घालून हाच गुणाकार करा. मंजूर भार वाढवावा लागला तर स्थिर आकारही वाढतो, तो वेगळा धरा. हेच दिवे रात्रभर अकरा तास ठेवले तर बिल अकरा हजारांच्या वर जाते आणि मध्यरात्रीनंतर ते बघायला रस्त्यावर कोणी नसते. टायमरला पैसे घालाच.

आता उभारणीचा खर्च. पुढचे दर मी हिशेबासाठी धरले आहेत. तुमच्याकडे आलेली कोटेशने याच खात्यांत मांडून बघा.

एका रंगाच्या चांगल्या पट्टीला मीटरला 1,500 रुपये धरले तर दिव्यांचेच 4,80,000 होतात. ड्रायव्हर, केबल आणि पॅनेलला दोन लाख. दोरावरून किंवा झुल्यावरून बसवण्याची मजुरी मीटरला 500 प्रमाणे 1,60,000. टायमर आणि सर्ज प्रोटेक्टरला 40,000. बेरीज 8,80,000. त्यावर 18 टक्के जीएसटी लावला की 10,38,400, म्हणजे फ्लॅटमागे सुमारे तेरा हजार. एलईडी दिव्यांवरचा जीएसटी जुलै 2022 मध्ये 12 वरून 18 टक्के झाला, तेव्हा जुन्या इमारतीचा जुना आकडा कोणी पुढे केला तर त्यावर विसंबू नका. कोटेशन हाती आले की पहिला प्रश्न विचारा, ‘टॅक्स आत की बाहेर?’

रंग बदलणारे, नक्षी पळवणारे दिवे हवे असतील तर आकडा दुपटीच्या पुढे जातो. पट्टी मीटरला चार हजार धरली की 12,80,000, ड्रायव्हर आणि डेटा केबलला चार लाख, बसवणीला 2,40,000, कंट्रोलर आणि प्रोग्रॅमिंगला दीड लाख. करासह 24,42,600. वीज मात्र फारशी वाढत नाही, कारण सगळे रंग एकाच वेळी पूर्ण पेटत नाहीत. वाढते ती गुंतागुंत. हे दिवे बहुतेक ठिकाणी डीएमएक्स पद्धतीवर चालतात आणि तिच्या एका जोडणीत 512 चॅनेल असतात. लाल, हिरवा, निळा आणि पांढरा असे चार रंग असलेल्या दिव्याला चार चॅनेल लागतात. आपल्या इमारतीत मीटर-मीटरचे 320 तुकडे प्रत्येकी स्वतंत्र हलवायचे तर 1,280 चॅनेल, म्हणजे तीन जोडण्या. एखादा डेटा केबलचा जोड ओला झाला की त्याच्या पुढचे सगळे तुकडे भलताच रंग दाखवतात. शिवाय प्रोग्रॅमचा पासवर्ड ठेकेदाराकडेच राहिला तर दिवाळीचा रंग स्वातंत्र्यदिनाला बदलायलाही त्यालाच बोलवावे लागते आणि तो मागेल ते द्यावे लागते. पासवर्ड आणि प्रोग्रॅमची फाइल संघाला मिळेल, ही ओळ करारात हवीच.

माझे मत विचाराल तर राहत्या इमारतीला एकच उबदार पांढरा रंग पुरे, 3,000 केल्विनच्या आसपासचा. राजवाडा रात्री बघा. खालचे तीन मजले दगडी, वरचे लाकडी, आणि त्या बांधणीवरून प्रकाश सरकतो तेव्हा कमानी, सज्जे, कोरीवकाम सगळे दिसते. तिथे डोळ्यांना इमारत दिसते, दिवा दिसत नाही. नव्या मल्टीलाही उभ्या पडद्या, गॅलऱ्यांच्या कडा, माथ्यावरची जाळी असते, प्रकाश त्यांच्यावर पाडा. दुबईच्या बुर्ज खलिफावर चित्रे नाचतात, पण ती 828 मीटरची इमारत जगाने बघावी म्हणूनच बांधली आहे. तुमच्या इमारतीत उद्या सकाळी शाळेला जाणारी मुले झोपलेली असतात.

बिघडते काय, ते नीट समजून घ्या. डब्यावर 50,000 तास लिहिलेले असते. रोज चार तास म्हटले तर हे चौतीस वर्षे झाले, पण तो आकडा एलईडीच्या चिपचा. त्याआधी ड्रायव्हर जातो आणि जोडात पाणी शिरते. इंदूरच्या मे महिन्यात पश्चिमेची भिंत दिवसभर तापते. त्या भिंतीवरच्या बंद डब्यातला ड्रायव्हर दिवे विझलेले असतानाही भाजून निघतो. म्हणून ड्रायव्हर बाहेर नकोत, प्रत्येक तीन-चार मजल्यांमागे आतल्या इलेक्ट्रिकल डक्टमध्ये हवेत. 24 व्होल्टची पट्टी लांब ओढली तर टोकाला प्रकाश मंदावतो, त्यामुळेही ड्रायव्हर जवळजवळ लागतात. डक्टमधला ड्रायव्हर बदलायला इलेक्ट्रिशियन जिना चढून जातो आणि तासाभरात खाली येतो. भिंतीबाहेरच्यासाठी दोरावरची टोळी, तिचा विमा, खाली रस्ता अडवणे, सगळे आले. ड्रायव्हर अडीच हजारांचा असला आणि टोळीचा दिवस दहा हजारांचा असला, तर महाग काय ते उघड आहे. आणि दोरावरच्या माणसाला हार्नेस, दुसरा सुरक्षा दोर आणि विमा नसेल तर काम सुरू करू देऊ नका. यात तडजोड नाही.

वार्षिक तरतूद एका रंगासाठी उभारणीच्या आठ टक्के आणि रंगीतसाठी दहा टक्के ठेवा. वीज धरून आपल्या इमारतीत एका रंगाला फ्लॅटमागे महिन्याला सुमारे 140 रुपये आणि रंगीतला तीनशेच्या थोडे वर पडतात. सभेत हा आकडा मांडा. उभारणीच्या रकमेला हात वर करणारे पुष्कळ असतात, दर महिन्याच्या रकमेला नीट विचार करून करतात.

महाराणी रोडवर नमुने बघायला गेलात तर पट्टी हातात घ्या. केबल जिथे ॲल्युमिनियमच्या खोक्यात शिरते तिथे घट्ट ग्लँड आहे की नुसता सिलिकॉनचा गोळा, ते बघा. दोन्ही टोकांच्या टोप्या अंगठ्याने दाबून हलतात का बघा. दिव्यावर आणि ड्रायव्हरवर भारतीय मानक ब्युरोचा ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक हवा. बाहेरच्या दिव्याला किमान आयपी65 आणि जिथे पाणी साचते तिथे आयपी67 मागा. माळव्यातल्या विजा लक्षात घेऊन सर्ज प्रोटेक्टर 10 केव्हीचा घ्या. मग खरी परीक्षा: तीन मीटरचा तुकडा एका गॅलरीच्या कडेला तात्पुरता बांधा, रात्री पेटवा आणि त्याच मजल्यावरच्या बेडरूममध्ये जाऊन उभे राहा. छतावर पट्टा पडत असेल तर कोन बदला किंवा आडोशाची पट्टी लावा. समोरच्या इमारतीच्या लोकांनाही विचारा. पहिल्या पावसानंतर दिव्यांवर किड्यांचे थवे येतात, ज्यांच्या खिडक्या लगत आहेत त्यांना हे आधीच सांगा.

परवानग्यांचे थोडक्यात. सुपर कॉरिडॉर विमानतळाच्या जवळ आहे. तिथल्या उंच इमारतीच्या माथ्यावरचा लाल विमानसूचक दिवा शोभेच्या दिव्यांपासून वेगळ्या, बॅटरीचा आधार असलेल्या जोडणीवर असावा. त्याच्याजवळ लाल किंवा उघडझाप करणारे दिवे नकोत आणि आकाशाकडे झोत किंवा लेझर तर अजिबात नको. दिव्यांतून नाव किंवा जाहिरात झळकणार असेल तर ते जाहिरात फलकात मोडते. राज्याचे 2017 चे नियम लागू होतात आणि महापालिकेची परवानगी लागते.

बिल्डरने लावलेल्या दिव्यांचे काय? पुस्तिकेत किंवा करारात त्यांचा उल्लेख असेल तर तो कागद जपून ठेवा. रेराच्या 2016 च्या कायद्यात कलम 14 नुसार ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामाच्या, कारागिरीच्या किंवा सेवांच्या दर्जातला दोष दाखवून दिला तर बिल्डरने तो 30 दिवसांत स्वखर्चाने दूर करायचा असतो. तक्रार लेखी द्या, विझलेल्या रेघांचे तारखेसह फोटो जोडा. ताबा घेताना वायरिंगचा नकाशा, ड्रायव्हर कुठे आहेत त्याची यादी आणि वॉरंटीचे कागद मागून घ्या. ते नसतील तर नवा ठेकेदार फक्त शोधाशोधीचेच पैसे लावतो.

वर्षातून गणपतीचे दहा दिवस आणि दिवाळी एवढीच हौस असेल तर कायमचे दिवे लावूच नका. माथ्याची कड आणि प्रवेशद्वार भाड्याच्या माळांनी सजवा, फक्त त्या जोडणीला वेगळा एमसीबी आणि ईएलसीबी असू द्या.

ठरवलेच, तर कामाची वेळ उन्हाळ्यात घ्या आणि पैसे टप्प्याने द्या: साहित्य आल्यावर 40 टक्के, बसवून पेटल्यावर 30, पंधरा दिवस सलग चालल्यावर 20. उरलेले 10 टक्के अनंत चतुर्दशीपर्यंत हातात ठेवा. तोवर पावसाळ्याचा बहुतेक जोर होऊन गेलेला असतो आणि कोणत्या जोडात पाणी गेले ते रस्त्यावरूनच दिसते.